सागरतळाच्या नोंदींची साठ वर्षे

१ जानेवारी २०२६ रोजी दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला साठ वर्षे पूर्ण झाली. संस्थेचा इतिहास म्हटला की जहाजे, अंटार्क्टिकाची मोहीम, द्वारकेच्या समुद्रातील शोध हे सारे आठवते आणि ते आठवायलाच हवे. प्रस्तुत लेखात मात्र संस्थेतील एका शांत कामाचा वृत्तान्त सांगायचा आहे. समुद्राचा तळ मोजणारे, त्या मोजणीचे आकडे तपासून दुरुस्त करणारे, ते जपणारे आणि मागणाऱ्याच्या हाती देणारे असे जे कार्यकर्ते संस्थेला लाभले, त्यांचा हा इतिहास आहे. नकाशा छापून येतो तेव्हा त्यांची नावे कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतात, कित्येकदा तीही नसतात.

खोल समुद्रातली एक ओळ मोजायची तर जहाज, इंधन, माणसे आणि अनुकूल हवा एवढे सगळे जुळून यावे लागते. तीच ओळ पुन्हा मोजायला सहसा कोणी परत जात नाही. त्यामुळे पहिल्या वेळी मिळालेली नोंद हीच बहुधा शेवटची असते. ती पुढे कोणाच्या, कोणत्या प्रश्नाला उपयोगी पडेल हे मोजणाऱ्याला त्या दिवशी ठाऊक नसते. साठ वर्षांतल्या निरनिराळ्या घटना एकत्र पाहिल्या की ही गोष्ट पुनःपुन्हा समोर येते.

पूर्वपीठिका : १९५९ ते १९६५

दुसऱ्या महायुद्धानंतर अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांच्या अभ्यासाला वेग आला, पण हिंदी महासागर मागेच राहिला होता. ही उणीव भरून काढण्यासाठी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम आखली गेली. १९६५ पर्यंत चाललेल्या या मोहिमेत चाळीसच्या आसपास जहाजे उतरली. भारताच्या वतीने नौदलाचे ‘आयएनएस किस्तना’ हे जहाज वापरात आले. कोचीनला सागरी जीवांचे नमुने वेगळे करण्याचे केंद्र उभे राहिले आणि मुंबईत कुलाब्याला हवामानाचे आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू झाले. मोहिमेच्या भारतीय कार्यक्रमाची धुरा डॉ. एन. के. पणिक्कर यांच्याकडे होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९६४. मोहिमेतून येणाऱ्या नोंदी जमा करण्यासाठी त्या वर्षी भारताचे समुद्रविज्ञान माहिती केंद्र सुरू झाले. म्हणजे नोंदी सांभाळणारे केंद्र संस्थेच्याही दोन वर्षे आधीचे आहे. पुढे ते संस्थेतच सामावले गेले. संस्था जन्माला येण्याआधीच तिचे दप्तर तयार होते, ही बाब आम्हांला भूषणावह वाटते.

याच मोहिमेच्या काळात अरबी समुद्राच्या दक्षिणेकडील कार्ल्सबर्ग या जलमग्न पर्वतरांगेवर ‘एचएमएस ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने १९६२ मध्ये चुंबकीय मोजणी केली. केंब्रिजच्या ड्रमंड मॅथ्यूज यांनी गोळा केलेल्या या नोंदी फ्रेड व्हाइन या संशोधक विद्यार्थ्याने तपासल्या. रांगेच्या खडकांत चुंबकत्वाची दिशा आलटूनपालटून उलटलेली दिसत होती. नवा सागरतळ रांगेच्या माथ्याशी तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो, असा अर्थ त्यातून निघाला. १९६३ मध्ये त्या दोघांचा लेख ‘नेचर’मध्ये आला आणि भूपट्टांच्या सिद्धान्ताला मोठा आधार मिळाला. पृथ्वीच्या इतिहासाची समजूत बदलणारे हे आकडे आपल्या पश्चिमेच्या समुद्रातले होते. मोहिमेच्या खोलीच्या नोंदींचा आधार घेऊन मेरी थार्प आणि ब्रूस हीझन यांनी हिंदी महासागराच्या तळाचे चित्र सिद्ध केले आणि १९६७ मध्ये ते ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने हाइनरिख बेरान यांच्या कुंचल्यातून छापले. आपल्या महासागराच्या तळाशी डोंगर, दऱ्या आणि नव्वद पूर्व रेखांशालगत सरळ जाणारी लांबच लांब रांग आहे, हे सामान्य वाचकाने तेव्हा प्रथम पाहिले.

पहिले दशक : १९६६ ते १९७५

मोहीम संपली, पण तिच्यासाठी जमलेली माणसे आणि जमलेल्या नोंदी पांगू नयेत, या विचारातून वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १ जानेवारी १९६६ रोजी संस्थेची स्थापना केली. डॉ. पणिक्कर पहिले संचालक झाले. आरंभीचा कारभार दिल्लीतून चाले. मुख्यालय नंतर गोव्यात आले आणि कालांतराने झुआरीच्या मुखाशी, दोना पावलाच्या पठारावर स्थिरावले. मुंबई, कोची आणि विशाखापट्टणम येथील प्रादेशिक केंद्रेही कामाला लागली. मुक्त होऊन जेमतेम काही वर्षे झालेल्या गोव्याने अशा संस्थेला आपलेसे केले, याची नोंद कृतज्ञतेने करायला हवी.

त्या काळात संस्थेकडे स्वतःचे महासागरी जहाज नव्हते. जे मिळेल ते जहाज घ्यायचे, त्यावर आपली उपकरणे चढवायची आणि परतल्यावर उतरवायची, असा क्रम होता. नौदलाच्या ‘आयएनएस दर्शक’ या सर्वेक्षण जहाजावर १९७३-७४ मध्ये संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काम केले. नौदलाच्या जलसर्वेक्षण विभागाचे नकाशे हा तर रोजचा आधार होता. त्या नकाशांवर खोली वावांत दिलेली असे आणि ती मीटरमध्ये आणण्याचे काम हाताने चाले. एका वावाचे सहा फूट धरून कोष्टके करून ठेवलेली असत. कोकणातल्या खलाशाला वाव नवा नव्हता, पण शेकडो आकड्यांचे रूपांतर न चुकता करणे हे मोठ्या चिकाटीचे काम होते.

या दशकातले लक्षणीय काम पश्चिम किनाऱ्यालगतच्या भूखंडमंचावर झाले. इको साउंडरच्या कागदावर ५५ ते ९२ मीटर खोलीच्या दरम्यान पायऱ्यांसारखे सपाट टप्पे दिसू लागले. हिमयुगात समुद्राची पातळी बरीच खाली होती आणि ती वर येताना जिथे जिथे थबकली, तिथे तिथे किनाऱ्याची खूण राहिली, असा निष्कर्ष संस्थेतील आर. आर. नायर यांनी १९७४ मध्ये मांडला. मुंबई ते गोवा या किनाऱ्यासमोर एक जुना, बुडालेला किनारा पसरलेला आहे, हे त्यामुळे कळले. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, आंग्र्यांचे नाव मिरवणारे अँग्रिया बँक हे प्रवाळांचे उथळ पठारही याच भूखंडमंचाच्या टोकाशी आहे.

चुंबकीय मोजणीचा पायाही तेव्हाच घातला गेला. मॅग्नेटोमीटरचा संवेदक जहाजाच्या लोखंडाचा परिणाम होऊ नये म्हणून लांब केबलने मागे ओढत न्यावा लागतो. तरीही मिळालेला आकडा जसाच्या तसा वापरता येत नाही, कारण सूर्यामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दिवसभरात कमीजास्त होत असते. तो फरक वजा करण्यासाठी जमिनीवरच्या स्थिर वेधशाळेची नोंद लागते. पश्चिम किनाऱ्याच्या सर्वेक्षणांना ती अलिबागने पुरवली. मुंबईत विजेच्या ट्राम सुरू होणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली होती. तिथे रोज न चुकता होणाऱ्या नोंदी सत्तर वर्षांनंतर समुद्रातल्या मोजणीच्या कामी आल्या. अलिबागच्या त्या निरीक्षकांनाही या इतिहासात स्थान आहे.

दुसरे दशक : १९७६ ते १९८५

‘गवेषणी’ १९७६ मध्ये संस्थेच्या सेवेत आली आणि संस्था खऱ्या अर्थाने समुद्रावर गेली. हे भारताचे पहिले समुद्रविज्ञान संशोधन जहाज. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत ते संशोधनासाठी सिद्ध झाले. कर्नाटकाच्या किनाऱ्यासमोर जिवंत प्रवाळांचे एक उथळ ठिकाण त्याच्या फेऱ्यांत सापडले आणि ते ‘गवेषणी बँक’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले.

त्या काळी जहाजावर नोंद कशी होत असे, हे आजच्या तरुण सहकाऱ्यांसाठी सांगून ठेवले पाहिजे. इको साउंडरची सुई ओलसर कागदाच्या रुंद पट्टीवर तळाची रेषा काढत जाई. पाच हजार मीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला साडेसहा सेकंदांहून अधिक वेळ लागतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला १५०० मीटर धरून यंत्र खोली दाखवते, पण खरा वेग तापमान, क्षारता आणि दाब यांप्रमाणे बदलतो, म्हणून कोष्टकांवरून दुरुस्ती करावी लागे. पहाऱ्यावरचा माणूस ठरावीक मिनिटांनी कागदावर रेघ मारून वेळ, जहाजाची दिशा आणि वेग लिही. ही रेघ चुकली तर पुढची सारी मोजणी जागेवरून सरके.

खरी कसोटी जागेची होती. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर ट्रान्झिट उपग्रहांवरून जहाजाचे स्थान कळे, तेही एक-दोन तासांच्या अंतराने. मधल्या वेळात वेग आणि दिशा यांवरून अंदाज बांधायचा. पुढचे स्थान मिळाले की अंदाज आणि वास्तव यांत कधी एक-दोन मैलांचा फरक निघे. प्रवाहाने जहाज किती सरकले हे त्यावरून काढून मागच्या सगळ्या नोंदी प्रमाणशीर सरकवाव्या लागत. बंदरात परतल्यावर सुटीवर जाण्याआधी हे काम उरकायचे, असा दंडक माहिती विभागात होता. पावसाळ्याच्या दिवसांत दोना पावलाला टेबलांवर त्या कागदाच्या पट्ट्या उलगडून बसलेले ड्राफ्ट्समन आणि तंत्रसहायक हे या संस्थेचे खरे आधार होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांनी शोधनिबंधावर नाव यावे अशी अपेक्षाही केली नाही.

याच दशकात मुंबई हायचे तेल किनाऱ्यावर आणण्यासाठी उरणपर्यंत नळ टाकायचे होते. नळाच्या वाटेवरचा तळ कसा आहे, कुठे खडक उघडा पडला आहे, कुठे मऊ चिखलाचा थर आहे, याची पाहणी संस्थेने केली. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी, मिऱ्या यांसारख्या खाड्यांच्या तळाशी इल्मेनाइटची काळी वाळू कितपत पसरली आहे, याचाही शोध चुंबकीय आणि भूकंपीय मोजणीने घेतला गेला. या साऱ्या कामामागे डॉ. एच. एन. सिद्दिकी यांचे नेतृत्व होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून ते संस्थेत आले. सागरी भूविज्ञानाला त्यांनी देशात स्थान मिळवून दिले आणि १९७८ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

२६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ने हिंदी महासागराच्या तळावरून बहुधातुक गोळे वर आणले. मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले, बटाट्याएवढे हे काळे गोळे लाखो वर्षांत थरावर थर साचून बनतात. प्रजासत्ताकदिनी मिळालेल्या त्या नमुन्यांनी संस्थेचा पुढचा रस्ता ठरवला. त्याच वर्षी केंद्रात महासागर विकास विभाग स्थापन झाला. संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीमही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोव्यातून निघाली. पुढच्या मोहिमांपैकी १९८३च्या मोहिमेत संस्थेच्या, मूळच्या नागपूरच्या डॉ. अदिती पंत होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाय ठेवणाऱ्या पहिल्या दोन महिलांपैकी त्या एक.

गोळ्यांचा शोध घेण्याची पद्धत साधी पण कष्टाची होती. वजन लावलेले सांगाडे पाण्यात सोडायचे. तळ गाठला की त्यांचे जबडे मिटत, वजन सुटे आणि ते तरंगत वर येत. पाच हजार मीटरचे जाणे-येणे काही तासांचे. रात्री त्यांचा दिवा लाटांत शोधत जहाज फिरे. आधी विरळ जाळे, मग जिथे आशा दिसेल तिथे अधिक दाट जाळे, अशी नमुन्यांची आखणी झाली. ‘गवेषणी’ला एवढा भार झेपणारा नव्हता, म्हणून ‘स्कँडी सर्व्हेयर’, ‘फार्नेला’, ‘नंद रचित’ अशी जहाजे भाड्याने घेण्यात आली. १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत बांधलेली ‘सागर कन्या’ आली. शंभर मीटर लांबीच्या या जहाजावर खोली, गुरुत्व आणि चुंबकत्व ही तिन्ही मोजमापे एकाच वेळी घेता येऊ लागली.

तिसरे दशक : १९८६ ते १९९५

संचालकपदी असतानाच १९८६ मध्ये डॉ. सिद्दिकी यांचे निधन झाले. त्यांनी ज्यासाठी धडपड केली ते फळ पुढच्याच वर्षी पदरात पडले. ऑगस्ट १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पूर्वतयारी आयोगाने भारताची जगातला पहिला ‘पायोनियर इन्व्हेस्टर’ म्हणून नोंद केली. मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र गोळ्यांच्या शोधासाठी भारताला मिळाले.

या यशामागचे दप्तरी काम फारसे सांगितले जात नाही. नियम असा होता की अर्जदार देशाने मागितलेल्या क्षेत्राचे सारख्या मोलाचे दोन भाग करून द्यायचे. एक अर्जदाराला मिळे, दुसरा सर्व मानवजातीसाठी राखून ठेवला जाई. तीन लाख चौरस किलोमीटर तळाची अशी वाटणी करायची तर प्रत्येक नमुन्याची जागा, वजन, धातूंचे प्रमाण आणि भोवतालची खोली निर्विवाद हवी. गोळे वर आणणाऱ्यांचे छायाचित्र वर्तमानपत्रांत आले. वाटणीची कोष्टके मात्र माहिती विभागात रात्र-रात्र बसून तयार झाली आणि आयोगासमोर तीच टिकली. पुढे या क्षेत्राचा निम्मा भाग टप्प्याटप्प्याने सोडून द्यायचा होता. कोणता तुकडा सोडायचा आणि कोणता राखायचा, हाही निर्णय याच आकड्यांवर झाला. हे आकडे चुकले असते तर देशाने चांगली जागा सोडून नापीक जागा राखली असती.

१९९० मध्ये ‘सागर कन्या’वर हायड्रोस्वीप ही मल्टिबीम यंत्रणा बसली आणि कामाची रीतच बदलली. तोवर जहाजाच्या खाली एकच बिंदू मोजला जाई. आता ५९ किरणांचा पंखा तळावर पसरू लागला आणि खोलीच्या दुप्पट रुंदीचा पट्टा एका फेरीत नकाशात येऊ लागला. पाच हजार मीटर पाण्यात म्हणजे दहा किलोमीटरचा पट्टा. पूर्वी सपाट समजलेल्या मैदानात समुद्रपर्वत आणि लांबवर गेलेल्या टेकड्यांच्या रांगा स्पष्ट दिसू लागल्या.

नकाशा जितका देखणा, तितकी त्यामागची साफसफाई मोठी. काठावरच्या किरणांत ध्वनीच्या वेगाची चूक साचते आणि सपाट तळ कडेला वर उचलल्यासारखा किंवा खाली वाकल्यासारखा दिसतो. जहाज वळले की किरण विस्कटतात, वादळी समुद्रात बुडबुडे खोटी खोली दाखवतात. असे आकडे एकेक पाहून बाजूला काढावे लागतात. कुठे खोटा आकडा आहे आणि कुठे खरोखरच कडा आहे, हे ओळखण्याची नजर वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. दोन फेऱ्यांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे दोन्ही वेळची खोली सारखी यायला हवी. चुंबकत्व आणि गुरुत्व यांनाही हीच कसोटी. गुरुत्वाच्या बाबतीत तर जहाज पूर्वेकडे जाते की पश्चिमेकडे यावरही आकडा बदलतो, आणि प्रत्येक फेरीच्या आधी व नंतर बंदरावरच्या पक्क्या बिंदूशी यंत्र जुळवून पाहावे लागते. छेदनबिंदूवर फरक निघाला की फेरीच्या मूळ वहीपर्यंत मागे जायचे, ही संस्थेची शिस्त याच दशकात घट्ट झाली.

मुंबई-गोव्याच्या पश्चिमेकडील लक्ष्मी खोऱ्यात १९९२ मध्ये ‘सागर कन्या’च्या सर्वेक्षणातून पुढे आलेल्या रचनांना आंतरराष्ट्रीय मान्यतेने नावे मिळाली. त्यांतल्या एका समुद्रपर्वताला पहिल्या संचालकांचे, म्हणजे पणिक्कर यांचे, आणि सपाट माथ्याच्या दुसऱ्याला भूवैज्ञानिक दा. नो. वाडिया यांचे नाव आहे. ‘सागर कन्या’चे नावही एका समुद्रपर्वताला लाभले.

डेटाची देवाणघेवाण याच काळात रुळली. सागरी भूभौतिक नोंदींसाठी १९७७ पासून जगभर ‘एमजीडी-७७’ हा ठरावीक नमुना वापरात आला होता. फेरीचे नाव, जहाज, उपकरणे, कोणत्या दुरुस्त्या केल्या आणि कोणत्या नाहीत, हे सारे आधी लिहायचे आणि मग मिनिटागणिक वेळ, अक्षांश, रेखांश, खोली, चुंबकत्व, गुरुत्व. आमच्या केंद्राने हा शिरस्ता स्वीकारला आणि हिंदी महासागराच्या नोंदींची जबाबदारी सांभाळणारे केंद्र म्हणून त्याला मान मिळाला. मोजणाऱ्याने नोंद किती काळ स्वतःकडे ठेवावी आणि केव्हा सर्वांसाठी द्यावी, असे प्रश्न कोणत्याही संशोधन संस्थेत येतात. आमच्याकडेही ते आले आणि विचारविनिमयाने त्यांतून सर्वांना मान्य असा मार्ग निघाला.

चौथे दशक : १९९६ ते २००५

‘गवेषणी’ १९९४ मध्ये निवृत्त झाली होती. रशियाचे ‘अकादमिक अलेक्झांडर सिदोरेंको’ हे जहाज भाड्याने घेऊन मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यातले काम पुढे चालले. जीपीएस आल्यामुळे जागेची जुनी चिंता मिटली, पण जुन्या नोंदी नव्या नकाशावर बसवण्याची नवी चिंता आली.

१९९८ मध्ये वास्कोजवळ हेडलँड सडा येथे अंटार्क्टिक आणि महासागर संशोधन केंद्र सुरू झाले आणि १९९९ मध्ये हैदराबादला महासागर माहिती सेवांचे राष्ट्रीय केंद्र, ‘इन्कॉइस’, उभे राहिले. राष्ट्रीय माहिती केंद्राची आंतरराष्ट्रीय जबाबदारी पुढे इन्कॉइसकडे गेली. एका संस्थेत रुजलेले काम चार ठिकाणी फोफावले, याचे समाधान आहे. २५ मार्च २००२ रोजी आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी भारताचा पंधरा वर्षांचा करार झाला आणि ७५ हजार चौरस किलोमीटरचे क्षेत्र आपल्याकडे राहिले.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने एक वेगळीच उणीव उघडी केली. त्सुनामीची लाट खोल समुद्रात विमानाच्या वेगाने धावते आणि उथळ पाण्यात मंदावून उंच होते. ती कुठे, केव्हा, किती उंच येईल हे संगणकावर काढायचे तर किनाऱ्याजवळची खोली अचूक हवी. जगभर वापरात असलेल्या खोलीच्या जाळ्यांत नेमकी हीच पट्टी सदोष होती. काही ठिकाणी तर उथळ भूखंडमंच भलत्याच खोलीचा दाखवलेला असे. हे दोष दूर केल्याशिवाय पूर्वसूचनेचे गणित भरवशाचे होणार नव्हते.

पाचवे दशक : २००६ ते २०१५

या उणिवेचे उत्तर जुन्या नकाशांत सापडले. नौदलाच्या जलसर्वेक्षण नकाशांवरचे खोलीचे आकडे संस्थेतील कार्यकर्त्यांनी एकेक करून संगणकात उतरवले, त्यांची पातळी एका संदर्भावर आणली आणि २०० मीटरपेक्षा उथळ भागासाठी सुधारित जाळे तयार केले. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि ज्याला हवे त्याला मोकळेपणाने देण्यात आले. भरती-ओहोटी, वादळी लाटा आणि त्सुनामी यांच्या गणितांत त्याने मोठी सुधारणा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हैदराबादला त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. गलबतांच्या सुरक्षिततेसाठी कधी काळी शिसाच्या दोरीने आणि साध्या इको साउंडरने घेतलेली खोली किनाऱ्यावरच्या वस्त्यांच्या संरक्षणाला उपयोगी पडली. आमच्या मते साठ वर्षांत या विभागाने केलेल्या कामांत लोकांच्या सर्वांत जवळचे काम हेच.

११ मे २००९ रोजी भारताने २०० सागरी मैलांपलीकडच्या भूखंडमंचावरचा आपला दावा संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे ठेवला. सागरी कायद्याच्या कलम ७६ नुसार खंडाच्या उताराचा पायथा कुठे आहे, त्यापुढे गाळाचा थर किती जाड आहे, २५०० मीटर खोलीची रेषा कुठून जाते, हे पुराव्यानिशी दाखवावे लागते. बंगालच्या उपसागरात तर हिमालयातून आलेल्या गाळाचा थर अफाट जाडीचा आहे. त्यासाठी भूकंपीय, गुरुत्वीय आणि खोलीच्या सर्वेक्षणाच्या हजारो किलोमीटरच्या ओळी घेण्यात आल्या. हेडलँड सड्याचे केंद्र, हैदराबादची भूभौतिक संशोधन संस्था, तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळ यांच्यासह आमच्या संस्थेचे कार्यकर्ते या कामात होते. कायद्याच्या भाषेत दावा मांडणारे वेगळे, पण त्यांच्या हाती दिलेले पुरावे याच माणसांनी तपासून दिले होते.

‘सिंधू संकल्प’ आणि मग २०१४ मध्ये सुरतेत बांधलेले, ऐंशी मीटर लांबीचे ‘सिंधू साधना’ ही स्वतःची जहाजे संस्थेकडे आली. दुसऱ्यांच्या जहाजावर उपकरणे चढवण्याच्या दिवसांपासून इथवरचा प्रवास ज्यांनी पाहिला, त्यांना हा आनंद शब्दांत सांगता येणार नाही. डिसेंबर २०१५ मध्ये दोना पावलातच दुसऱ्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेची सुरुवात झाली आणि ‘सागर निधी’ हे जहाज गोव्याहून मॉरिशसकडे निघाले.

सहावे दशक : २०१६ पासून आजवर

सप्टेंबर २०१६ मध्ये भारताने मध्य हिंदी महासागरी पर्वतरांगांवरील बहुधातुक सल्फाइडांच्या शोधासाठी प्राधिकरणाशी दहा हजार चौरस किलोमीटरचा करार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग रांगेसाठीही तसाच करार झाला. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या डीप ओशन मिशनमध्ये माणसाला सहा हजार मीटर खोल नेणाऱ्या ‘मत्स्य-६०००’ या पाणबुडीची तयारी सुरू आहे. ती ज्या क्षेत्रात उतरेल त्याच्या तळाचे पहिले नकाशे ‘गवेषणी’ आणि ‘सागर कन्या’च्या फेऱ्यांतूनच निघालेले आहेत. २०२४ मध्ये नैर्ऋत्य हिंदी रांगेच्या परिसरातील अशोक, चंद्रगुप्त आणि कल्पतरू या तळरचनांची नावे हेडलँड सड्याच्या केंद्राच्या प्रयत्नांतून आंतरराष्ट्रीय नोंदवहीत गेली.

जगात १९०३ पासून चालत आलेल्या ‘जेब्को’ या महासागर-नकाशा प्रकल्पाने २०१७ मध्ये ‘सीबेड २०३०’ हा उपक्रम सुरू केला. तेव्हा जगाच्या सागरतळापैकी सुमारे ६ टक्केच आधुनिक पद्धतीने मोजलेला होता. जून २०२५ पर्यंत हे प्रमाण २७.३ टक्क्यांवर आले. यातली मोठी वाढ नव्या मोजणीपेक्षा कपाटांत पडून राहिलेल्या जुन्या नोंदी पुढे आल्याने झाली आहे. आपल्या विशेष आर्थिक क्षेत्रातल्या खोलीच्या तपशिलाला देशाच्या सुरक्षिततेची बाजू असल्यामुळे काय खुले करायचे आणि काय नाही, याचे नियम पाळावे लागतात. त्या मर्यादेतही संस्थेने आपले शोधनिबंध डिजिटल भांडारात सर्वांसाठी मोकळे ठेवले आहेत. विद्यार्थी आणि मच्छीमारांच्या संघटना यांच्यापर्यंत ते पोहोचू शकतात.

सध्या ‘सिंधू साधना’वर मल्टिबीम यंत्रणा प्रवासभर चालू असते. फेरीचा मुख्य हेतू रसायनशास्त्राचा असो वा जीवशास्त्राचा, जाता-येता वाटेतला तळ मोजला जातो आणि परतल्यावर आकडे साफसफाईसाठी येतात. आज हे काम करणाऱ्या तरुणांपैकी अनेकांनी कागदाच्या पट्टीवर रेघ मारलेली नाही. तरी दोन वाटा छेदतात तिथे फरक निघाला की मूळ नोंदीपर्यंत मागे जाण्याची सवय त्यांच्यातही आली आहे. ‘गवेषणी’च्या काळातल्या फेऱ्या नव्या जाळ्यात बसवताना त्यांना वारंवार तसे मागे जावे लागते, आणि दशकांपूर्वी कोणी तरी वहीच्या समासात लिहून ठेवलेली वेळ, दिशा आणि वेग त्यांना आजही अचूक सापडतात.